शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर दिसणारी 'एमजी' मूळची कोण? परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारची शंभर वर्षांची गोष्ट

पुण्याहून नगरकडे निघालात की वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर या पट्ट्यात एक अष्टकोनी बिल्ला वारंवार दिसतो. चौफुल्याला उतरून सोलापूर हायवे धरला, तरी यवत-पाटस-कुरकुंभपर्यंत तोच बिल्ला. आत इंग्रजी 'एम' आणि 'जी' ही दोन अक्षरं. हेक्टर, अ‍ॅस्टर, विंडसर अशा नावांच्या या गाड्या घरच्यांना घेऊन देवदर्शनाला जायला सोयीच्या, उंच आणि ऐसपैस.

कंपनी चिनी की भारतीय, यावर सोशल मीडियावर भांडणं होतात. पण या दोन अक्षरांची मूळ ओळख एसयूव्ही नाहीच. ही अक्षरं जगभर प्रसिद्ध झाली ती दोन सीटच्या, उघड्या टपाच्या, बुटक्या आणि मुख्य म्हणजे परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारमुळे. त्या गाडीच्या इंजिनाचा सख्खा भाऊ अनेक दशकं आपल्या तहसील कचेरीसमोर उभा असायचा. आणि ती गाडी ज्या युक्तीनं बनली, तीच युक्ती वापरून एक वेगवान गाडी शिरूर तालुक्यातल्या रांजणगावात तयार झाली होती.

ही सगळी गोष्ट नेमकी काय आहे, ते पाहू.

एमजी म्हणजे 'मॉरिस गॅरेजेस'

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहरात विल्यम मॉरिस नावाचा माणूस सायकली दुरुस्त करायचा. पुढे तो मोटारी बनवू लागला आणि ब्रिटनमधला सगळ्यात मोठा मोटार उत्पादक झाला. गाड्या विकण्या-दुरुस्त करण्याचा त्याचा वेगळा धंदा होता. त्याचं नाव मॉरिस गॅरेजेस. त्याची आद्याक्षरं म्हणजे एमजी.

१९२२ मध्ये सेसिल किंबर या गॅरेजचा व्यवस्थापक झाला. साध्या मॉरिस गाड्यांवर देखणी, हलकी बॉडी चढवायची, इंजिनात थोडे बदल करायचे आणि जरा वेगळी गाडी म्हणून विकायची, ही कल्पना त्याची. १९२४ च्या सुमारास अष्टकोनी बिल्ला आला. कंपनी आपला जन्म याच वर्षी झाल्याचं मानते आणि म्हणूनच २०२४ मध्ये शंभरी साजरी झाली.

युक्ती साधी होती

त्या काळात स्पोर्ट्स कार म्हणजे श्रीमंतांचा खेळ. इंजिन खास, सांगाडा खास, त्यामुळे किंमतही खास.

किंबरनं उलटा विचार केला. मॉरिसची 'मायनर' नावाची छोटी, स्वस्त गाडी नुकतीच आली होती. तिचा सांगाडा घेतला, तिचंच ८४७ सीसीचं इंजिन घेतलं. त्यावर लाकडी चौकट आणि कापड वापरून हलकी, होडीसारखी निमुळत्या शेपटीची बॉडी बसवली. १९२८ च्या लंडन मोटार शोमध्ये ही गाडी लोकांसमोर आली. नाव 'मिजेट', म्हणजे बुटकी. किंमत १७५ पाउंड.

महागातला महाग भाग, म्हणजे इंजिन, गिअर आणि चाकांखालचं सगळं सामान, आधीच हजारो साध्या गाड्यांसाठी बनत होतं. त्याचा खर्च त्या साध्या गाड्यांनी उचललेला असायचा. स्पोर्ट्स कारला फक्त नवं रूप आणि थोडी धार द्यायची होती. शिवाय बिघाड झाला तर कुठल्याही गावातला मेस्त्री ती दुरुस्त करू शकायचा, कारण आतलं सामान त्याच्या ओळखीचं होतं.

परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारचं सूत्र इथे ठरलं. पुढच्या पन्नास वर्षांत एमजीनं मुख्यतः तेच वापरलं. १९२९ मध्ये कंपनी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात गेली आणि तिथला कारखाना एमजीचं घर झाला.

युद्धानंतर गाडी अमेरिकेत पोहोचली

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात किंबरला कंपनी सोडावी लागली. फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर झालेल्या रेल्वे अपघातात त्याचा मृत्यू झाला. आपल्या गाडीचं खरं यश त्याला पाहता आलं नाही.

ते यश काही महिन्यांतच सुरू झालं. युद्धानं ब्रिटनचा खजिना रिकामा झाला होता. पोलादाची टंचाई होती आणि सरकारचं धोरण स्पष्ट होतं: माल परदेशी विका, डॉलर आणा, तरच पोलाद मिळेल. ब्रिटनमध्ये तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांना या छोट्या एमजी आवडल्या होत्या. त्यामुळे १९४५ ते १९४९ दरम्यान बनलेल्या 'टीसी' मॉडेलच्या सुमारे १०,००० गाड्यांपैकी दोनेक हजार अमेरिकेत गेल्या. विशेष म्हणजे टीसीचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे होतं. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालणाऱ्या अमेरिकेत लोकांनी तीही चालवली.

१९५५ मध्ये गोलाईदार 'एमजीए' आली. १९६२ पर्यंत ती एक लाखाच्या वर बनली.

१९६२: एमजीबी

मग आली ती गाडी, जिच्यामुळे 'ब्रिटिश स्पोर्ट्स कार' म्हटलं की आजही एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. लांब बॉनेट, दोन सीट, मागे छोटी डिकी, कापडी टप. हीच एमजीबी. तिचा मुख्य अभियंता सिड एनेव्हर.

* इंजिन: १,७९८ सीसी, चार सिलिंडर, सुमारे ९५ अश्वशक्ती.
* वेग: ताशी १६० किलोमीटरच्या थोडा वर.
* बांधणी: वेगळ्या चॅसिसऐवजी बॉडी आणि सांगाडा एकजीव. त्या काळच्या स्वस्त स्पोर्ट्स कारसाठी हे पुढचं पाऊल होतं.
* किंमत: कर सोडून ६९० पाउंड.

किंमत खाली ठेवण्यासाठी कंपनीनं हात किती आखडता घेतला होता, याचं उदाहरण म्हणजे हीटर. इंग्लंडच्या थंडीत उघड्या टपाची गाडी आणि हीटरचे पैसे वेगळे!

१९६५ मध्ये हिचीच बंद टपाची आवृत्ती आली, 'एमजीबी जीटी'. तिला रूप देण्यात इटलीच्या पिनिनफारिना या डिझाइन कंपनीचा हात होता. १९६२ ते १९८० या अठरा वर्षांत सगळ्या मिळून पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अमेरिकेत गेल्या.

अ‍ॅम्बॅसेडरशी नातं काय?

१९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन हे ब्रिटनमधले दोन मोठे प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी, तयार झाली. या समूहाचं एक भरवशाचं इंजिन होतं 'बी-सीरीज'. एमजीएमध्ये ते आधी १,४८९ सीसीचं होतं. वाढवत वाढवत एमजीबीमध्ये ते १,७९८ सीसीचं झालं.

याच काळात पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथे हिंदुस्तान मोटर्स मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवरून 'अ‍ॅम्बॅसेडर' बनवू लागली. सुरुवातीला तिच्यात जुनं इंजिन होतं. लवकरच त्या जागी बी-सीरीजचं १,४८९ सीसीचं इंजिन आलं आणि ते पुढे कित्येक वर्षं राहिलं.

म्हणजे मंत्र्यांची, कलेक्टरांची, आमदारांची ती पांढरी, हळूबाई गाडी आणि ब्रिटनची लाडकी स्पोर्ट्स कार यांच्या बॉनेटखाली एकाच घराण्याचं इंजिन होतं. अर्थात दोन्हीकडे त्याची जुळणी वेगळी होती. एमजीला दोन कार्ब्युरेटर आणि जास्त ताकद, अ‍ॅम्बॅसेडरला साधा कार्ब्युरेटर आणि कुठल्याही पेट्रोलवर चालण्याची सहनशक्ती.

योगायोग इथेच संपत नाही. एमजीची ब्रिटनमधली मोठी स्पर्धक होती ट्रायम्फची 'स्पिटफायर'. तीही १९६२ चीच. ती ट्रायम्फ हेराल्ड या साध्या गाडीची चॅसिस आखूड करून बनवली होती. ती हेराल्ड भारतात 'स्टँडर्ड हेराल्ड' नावानं मद्रासमध्ये बनत होती.

मग भारतात स्पोर्ट्स कार का बनली नाही?

ब्रिटनच्या दोन सगळ्यात लोकप्रिय स्वस्त स्पोर्ट्स कार ज्या सामानातून उभ्या राहिल्या, त्याच घराण्याचं सामान साठच्या दशकात भारतातही बनत होतं. तरी इथे स्पोर्ट्स कार आली नाही. त्याची कारणं तंत्रज्ञानात नव्हती.

पहिलं कारण परवाना. कुठल्या कंपनीनं कोणती गाडी आणि किती बनवायची, हे सरकारी परवान्यावर ठरायचं. दुसरं कारण आयातबंदी. बाहेरून गाडी आणणं जवळपास बंद होतं, त्यामुळे स्पर्धा नव्हती. तिसरं कारण प्रतीक्षायादी. अ‍ॅम्बॅसेडर असो की मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. जी गाडी बनण्याआधीच विकली गेलेली आहे, तिची दोन सीटची आवृत्ती काढण्याचे कष्ट कंपनी कशाला घेईल?

आणि चौथं कारण आपल्या घरातलं. ज्या कुटुंबात एकच गाडी येणार, तिथे ती आई-वडील, मुलं, पाहुणे आणि शेतातलं पोतं एवढं सगळं घेऊन जाणारीच हवी. स्पोर्ट्स कार ही बहुतेक ठिकाणी घरातली दुसरी गाडी असते. इथे पहिलीचेच वांधे होते.

एमजीबीचा शेवट कसा झाला?

१९६८ मध्ये बीएमसीसह अनेक ब्रिटिश कंपन्या मिळून 'ब्रिटिश लेलँड' हा अवाढव्य समूह झाला. त्याच्याकडे एमजीही होती आणि ट्रायम्फही. नव्या गुंतवणुकीत एमजीच्या वाट्याला फार थोडं आलं.

त्यात अमेरिकेनं अपघात-सुरक्षा आणि धुराचे नियम कडक केले. १९७४ पासून एमजीबीला चकचकीत क्रोमऐवजी मोठे काळे रबरी बंपर लागले. नियमातली उंची गाठण्यासाठी गाडी थोडी वर उचलली गेली, त्यामुळे वळणावरची पकड बिघडली. धुराच्या नियमांमुळे अमेरिकेत जाणाऱ्या गाडीची ताकदही घटली. नवी गाडी विकसित करायला पैसा नव्हता, म्हणून साठच्या दशकातली गाडी डागडुजी करत ऐंशीच्या दशकापर्यंत ओढली गेली. शेवटी पाउंड महागला आणि अमेरिकेतली विक्री तोट्यात गेली.

सप्टेंबर १९७९ मध्ये अ‍ॅबिंग्डन गावानं एमजीच्या तिथल्या पन्नास वर्षांचा सोहळा साजरा केला. तो संपतो न संपतो तोच कंपनीनं कारखाना बंद करण्याची घोषणा केली. अ‍ॅस्टन मार्टिनच्या पुढाकारानं एका गटानं एमजी विकत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली आणि दरवाजे बंद झाले.

गाडी मात्र मेली नाही. १९८८ पासून ब्रिटनमध्ये एमजीबीची बॉडी पुन्हा नव्यानं बनू लागली, तीही मूळच्या साच्यांवर. जवळपास प्रत्येक सुटा भाग आजही विकत मिळतो. म्हणूनच जगात नव्यानं जुन्या गाड्यांचा नाद लागलेल्या माणसाला आधी एमजीबी सुचवली जाते.

रांजणगावचा विंचू

आता पुन्हा शिरूर तालुक्यात येऊ. अष्टविनायकातल्या महागणपतीसाठी ओळखलं जाणारं रांजणगाव गाडीवाल्यांना ठाऊक आहे ते एमआयडीसीतल्या फियाटच्या कारखान्यामुळे. टाटा मोटर्स आणि फियाट यांच्या भागीदारीतल्या या कारखान्यातून २००९ मध्ये 'लिनिया' आणि 'ग्रँडे पुंटो' या गाड्या आल्या.

ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच पुंटोची एक वेगळी आवृत्ती बाजारात आली. नाव 'अबार्थ पुंटो', बिल्ल्यावर विंचू. अबार्थ ही इटलीची कंपनी कार्लो अबार्थनं १९४९ मध्ये सुरू केली. छोट्या, साध्या फियाट घ्यायच्या आणि त्यांना पळतं करायचं, हे तिचं काम. विंचू ही कार्लोची रास, म्हणजे वृश्चिक. १९७१ मध्ये फियाटनं ही कंपनी विकत घेतली.

किंबरचं सूत्र इथे जसंच्या तसं दिसतं. बॉडी साध्या पुंटोची, कारखानाही तोच. इंजिन १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल, १४५ अश्वशक्तीचं. चारही चाकांना डिस्क ब्रेक, गाडी जमिनीला थोडी जवळ. शून्यावरून ताशी १०० किलोमीटर गाठायला कंपनीच्या दाव्यानुसार ८.८ सेकंद. आणि दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ९.९५ लाख रुपये. दहा लाखांच्या आत एवढी ताकद देणारी दुसरी गाडी तेव्हा बाजारात नव्हती.

गाडीप्रेमींनी कौतुक केलं, पण विक्री मोजकीच राहिली. कारण एमजीबीच्या कारणाशी मिळतंजुळतं आहे. सूत्र चालायचं तर आधी साधी गाडी खपावी लागते. फियाटची साधी गाडीच खपत नव्हती. कित्येक वर्षं ती टाटाच्या शोरूममध्ये विकली गेली, मग वेगळं जाळं उभारायचा प्रयत्न झाला. पुंटोचं मॉडेलही जुनं होत गेलं. नवे सुरक्षा नियम आणि एप्रिल २०२० पासूनचे बीएस-६ नियम समोर आले, तेव्हा त्यासाठी खर्च करणं कंपनीला परवडणारं नव्हतं. पुंटो आणि लिनिया बंद झाल्या, आणि त्यांच्यासोबत विंचूही गेला.

कारखाना मात्र चालू राहिला. २०१७ पासून तिथे 'जीप कंपास' बनते. उजव्या स्टिअरिंगच्या रांजणगावच्या कंपास ब्रिटनलाही निर्यात झाल्या. एकेकाळी जिथून गाड्या जगभर जायच्या, त्या देशात शिरूरची गाडी पोहोचली.

आज एमजी नेमकी कोणाची?

एमजी पुढे 'एमजी रोव्हर'कडे होती. ती कंपनी एप्रिल २००५ मध्ये बुडाली. चीनच्या नानजिंग ऑटोमोबाइलनं मालमत्ता घेतली आणि नंतर नानजिंग चीनच्याच 'सैक' या मोठ्या कंपनीत गेली.

भारतात जनरल मोटर्सनं गाड्या विकणं बंद केलं, तेव्हा तिचे दोन कारखाने होते. गुजरातमधला हालोल आणि पुणे जिल्ह्यातला तळेगाव. हालोल एमजीकडे गेला, तळेगाव पुढे ह्युंदाईनं घेतला. २०१९ मध्ये हालोलमधून हेक्टर आली. त्यानंतर सज्जन जिंदाल यांच्या मुंबईतल्या जेएसडब्ल्यू समूहानं ३५ टक्के हिस्सा घेतला आणि कंपनीचं नाव 'जेएसडब्ल्यू एमजी मोटर इंडिया' झालं.

म्हणजे भांडणाचं उत्तर असं: नाव ब्रिटिश, तंत्रज्ञान मुख्यतः चिनी मालकीच्या कंपनीचं, कारखाना गुजरातचा आणि भागीदार मुंबईचा.

जुनी एमजीबी इथे ठेवता येते का?

येते. २०२१ मध्ये केंद्रानं ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. अशा गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण ही गाडी रोज बाजारात न्यायला वापरता येत नाही, भाड्यानंही देता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

बाहेरून आणायची तर आयात शुल्क गाडीच्या मूळ किमतीला मागे टाकू शकतं. शिवाय जमिनीपासून जेमतेम पाच इंच वर असलेली गाडी आपल्या गतिरोधकांवरून कशी न्यायची, हा प्रश्न राहतोच. गाळपाच्या हंगामात न्हावरे-चौफुला रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे अडकलेल्या एमजीबीच्या ड्रायव्हरला समोर फक्त ट्रॉलीची चाकं दिसतील.

शेवटी उरतं काय?

जुलै २०२५ मध्ये एमजीनं भारतात पुन्हा दोन सीटची, उघड्या टपाची गाडी आणली. नाव 'सायबरस्टर'. ती इलेक्ट्रिक आहे, दरवाजे वर उघडतात आणि वेग जुन्या एमजीबीच्या स्वप्नातही नव्हता एवढा. सुरुवातीची किंमत सुमारे ७५ लाख रुपये.

बिल्ला तोच, सीटही दोनच. पण शाळामास्तर, कारकून, सैनिक यांना परवडेल अशी वेगाची मजा, हा जो एमजीचा मूळ विचार होता, तो या गाडीत नाही. तो विचार बिल्ल्यात कधीच नव्हता. तो होता साध्या गाडीचं साधं सामान वापरून काहीतरी मजेशीर बनवण्यात.

आज शिरूर-दौंडच्या पट्ट्यात हजारो साध्या गाड्या धावतात, आणि रांजणगावच्या कारखान्यातूनच नव्या गाड्या रोज बाहेर पडतात. सामान आहे, हात आहेत, रस्तेही पूर्वीपेक्षा बरे आहेत. परवाना राजही आता राहिलेलं नाही. त्यामुळे परवडणारी स्पोर्ट्स कार पुन्हा येईल की नाही, हे आता एकाच गोष्टीवर ठरेल: पाच-सात सीटच्या उंच गाडीच्या किमतीत दोन सीटची बुटकी गाडी घेणारे पुरेसे लोक आपल्याकडे आहेत का?